प्रकटीकरण १३ मधलं श्वापद नक्की कोण? आई आधारसाठी अंगठा द्यायला तयार नाही

नगरची_लेक

सगळ्यांना जय ख्रिस्त. प्रश्न थोडा लांबलाय, पण पूर्ण वाचा प्लीज.

आम्ही मूळ नगरचे, पणजोबांपासून मंडळीत. आई ७४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची, बाबा गेल्यापासून एकटी राहते आणि मी पुण्यात असते. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, यंदा मी म्हटलं घरबसल्या आधारवर अंगठा देऊन करून टाकू, तर ती सरळ नाही म्हणाली. आधी वाटलं मोबाईलचा कंटाळा असेल. मग कळलं की व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात एक प्रचारक सांगतात की उजव्या हातावर नाहीतर कपाळावर खूण म्हणजे अंगठा आणि डोळ्यांचं स्कॅन, त्याशिवाय विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, आणि श्वापदाच्या ६६६ या आकड्याची गोष्ट सुरू झालीय.

आईचं बायबल जुनं आहे, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली, समासात तिच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने टिपणं. परवा मी ते उघडलं तर शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायात "उजव्या हातावर" याखाली दोनदा रेघ मारलेली आणि बाजूला एकच शब्द, "अंगठा?" ते प्रश्नचिन्ह बघून मला रडू आलं. म्हणजे ती बाई रात्री एकटी बसून हे वाचतेय आणि घाबरतेय, आणि मला सांगतही नाही.

तिला "काहीही काय आई" असं मला म्हणायचं नाहीये. तिची भीती निष्ठेतून आलीय, आपल्या हातून प्रभूशी बेइमानी होऊ नये म्हणून. पण मला स्वतःलाच हे पुस्तक समजत नाही. श्वापद कोण, अजगर कोण, सात डोकी दहा शिंगं कशाची, ६६६ चा हिशेब काय. संडे स्कूलमध्ये आम्हाला प्रकटीकरणातली पहिली तीन प्रकरणं आणि मग एकदम नवं यरुशलेम शिकवलं, मधलं सगळं सोडून. पाळकसाहेबांना विचारलं तर ते प्रेमाने म्हणाले प्रार्थना करा, ते तर करतेच आहे. पण आईसमोर पुस्तक उघडून बसायचं तर कुठून सुरुवात करू?

ग्रीक_वाचक

ताई, आधी व्यवहाराचं सांगतो म्हणजे तुमचा जीव हलका होईल. हयातीचा दाखला कागदावर सही करून बँकेत देता येतो, अंगठा लागत नाही. यंदा तसं करा. आईंच्या मनातलं सुटायच्या आत पेन्शन अडायला नको.

आता पुस्तकाचं. मी बायबल कॉलेजात शिकलोय, आमच्याकडे शनिवारी शास्त्राभ्यास घेतो, आणि दर वेळी हीच विनंती करतो की १३ व्या अध्यायापासून सुरू करू नका, पहिल्यापासून करा. १:३ मध्ये (अध्याय १, ओवी ३) वाचून दाखवणारा आणि ऐकणारे, दोघांनाही धन्य म्हटलंय. म्हणजे पात्म बेटावरून योहानाने लिहिलेलं हे पुस्तक इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा सात शहरांतल्या मंडळ्यांमध्ये मोठ्याने वाचलं जाणार होतं. तिथे बसून ऐकणाऱ्या एखाद्या विधवेला त्यातून काहीतरी कळणार होतं, धीर मिळणार होता. दोन हजार वर्षांनी येणाऱ्या मशीनबद्दलच ते असतं तर तिच्या हाती काय लागलं असतं? म्हणून मी प्रत्येक चित्रापाशी पहिला प्रश्न हाच विचारतो, स्मुर्णातल्या त्या बाईच्या डोळ्यापुढे काय आलं असेल.

दुसरं म्हणजे पुष्कळ चित्रांची किल्ली पुस्तकातच दिलेली आहे, आपण ती बघत नाही. सोन्याच्या सात समया म्हणजे सात मंडळ्या हे १:२० मध्ये सरळ सांगितलंय. अजगर म्हणजे सैतान, १२:९. सात डोकी म्हणजे सात डोंगर आणि सात राजेही, १७:९ पासून पुढे. आणि ती बाबेल नावाची बाई म्हणजे पृथ्वीच्या राजांवर राज्य करणारी मोठी नगरी, १७:१८. सात टेकड्यांवरचं शहर म्हटल्यावर त्या काळच्या पोरालाही रोम कळायचं. वेस्पासियन बादशहाने ७१ साली एक पितळी नाणं काढलं होतं, त्यावर रोम ही देवी म्हणून सात टेकड्यांवर टेकून बसलेली दाखवलीय, हातात छोटी तलवार, पायाशी टायबर नदी माणसाच्या रूपात. आता हे नाणं खिशात असलेल्या माणसाने १७ वा अध्याय ऐकला तर त्याला वेगळं समजावून सांगायला लागलं नसेल. सरकारी चित्रातली देवी योहानाने उचलली आणि तिला श्वापदावर बसलेली, संतांच्या रक्ताने मस्त झालेली बाई करून दाखवली.

श्वापदही योहानाच्या मनातून एकदम आलेलं नाही. दानीएल ७ उघडा, तिथे समुद्रातून चार श्वापदं निघतात, सिंह, अस्वल, चित्ता आणि चौथं दहा शिंगांचं, आणि तिथेच सांगितलंय की ही राज्यं आहेत. प्रकटीकरण १३:२ मध्ये चित्त्याचं अंग, अस्वलाचे पाय, सिंहाचं तोंड, वर दहा शिंगं. चारही एकाच जनावरात. म्हणजे आधीची सगळी जुलमी साम्राज्यं ज्यात एकवटलीत असं हे साम्राज्य. आईला ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

६६६ बद्दल. त्या काळी ग्रीक आणि हिब्रूत अक्षरंच आकडे म्हणून वापरायचे, त्यामुळे प्रत्येक नावाची एक बेरीज यायची. आपल्याकडे कटपयादी पद्धतीत अक्षरांतून आकडे काढतात, तशातलाच प्रकार. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कोणीतरी लिहून ठेवलंय की जिचा आकडा ५४५ आहे तिच्यावर माझं प्रेम आहे. नाव लिहिलं नाही, ओळखणाऱ्याने ओळखावं. तर रोमचा बादशहा निरो कैसर, त्याचं नाव ग्रीक उच्चाराप्रमाणे निरोन कैसर असं हिब्रू अक्षरांत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. आई गणिताच्या शिक्षिका आहेत ना, त्यांनाच बेरीज करू द्या.

निरोने ६४ सालच्या रोमच्या आगीनंतर ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं, ६८ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला, पण तो मेला नाही, पूर्वेकडून फौज घेऊन परत येणार अशी अफवा पुढे वीस वर्षं चालू होती, मीच निरो म्हणणारे तोतयेही निघाले. १३:३ मध्ये एका डोक्याला प्राणघातक घाव होऊन तो बरा झाला असं आहे ते याच्याशी ताडून बघा. तोतया म्हणजे काय हे आपल्याला पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयामुळे चांगलं माहीत आहे, लोकांच्या मनात मेलेला माणूस कसा जिवंत राहतो ते.

आणि खूण. योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नाण्यावरचा छाप, जनावरावरचा डाग, दस्तऐवजावरचा बादशाही शिक्का या सगळ्याला चालायचा. बाजारात नाणं बादशहाच्या मुखवट्याचं, धंद्याच्या संघाचं जेवण देवळात, आणि पर्गमात तर इ.स.पू. २९ पासून ऑगस्टस आणि रोमा यांचं देऊळ. ज्याला यात मान झुकवायची नाही त्याचं घेणंदेणं अवघड. शेजारच्या बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने साधारण ११२ साली बादशहा त्राजानला लिहिलेलं पत्र आजही आहे, त्यात तो सांगतो की ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांपुढे मी तुमची मूर्ती आणवतो, धूप आणि द्राक्षारस वाहायला लावतो आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावतो, जे करतात त्यांना सोडतो. चिमूटभर धूप, एवढीच मागणी होती. त्या बायकामाणसांसाठी हे पुस्तक लिहिलंय.

मारानाथा

ताई, आईंना माझा सलाम सांगा. त्यांच्या पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हाबद्दल मला आदर वाटतो, कारण त्यांनी उत्तर लिहिलं नाही, प्रश्न लिहिलाय.

ग्रीक_वाचक यांचं बरंच पटतं पण सगळं नाही. माझा विश्वास आहे की या पुस्तकातलं पुष्कळ अजून व्हायचंय. निरो म्हणून फाईल बंद केली तर उरलं काय, एक मेलेला बादशहा. दानीएलाची श्वापदं यहूद्यांना छळणाऱ्या अंतियोख राजाच्या काळात एकदा दिसली आणि तीच चित्रं योहानाला रोममध्ये परत दिसली, मग तिसऱ्यांदा का दिसणार नाहीत? आणि निरोचा हिशेब मला खटकतो तो यासाठी की मंडळ्या ग्रीक बोलणाऱ्या, मग हिशेब हिब्रूत का? इरेनियस हा स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याला लहानपणी ऐकलेला माणूस, त्याने १८० च्या सुमारास या आकड्यावर लिहिलंय, एवान्थास, लातेनोस, तेतान अशी नावं जुळतात म्हणून सांगितलं आणि निरोचं नावसुद्धा काढलं नाही. उलट म्हणाला की अंदाजाने नाव ठोकण्यापेक्षा भविष्यवाणी पूर्ण होईपर्यंत थांबणं सुरक्षित. हे मी मनात धरून ठेवलंय.

कारण न थांबणाऱ्यांचं काय झालं ते इतिहासात आहे. जर्मनीतला मिखाएल श्टीफेल, ल्यूथरचा मित्र, गणितात खरंच मोठा माणूस, त्याने आधी पोप दहावा लिओ याच्या नावातून ६६६ काढला आणि मग हिशेब करून जाहीर केलं की १९ ऑक्टोबर १५३३ ला सकाळी ८ वाजता जगाचा शेवट. लोक त्याच्यावर विसंबून बसले, काही झालं नाही, त्याला अटक झाली. दुसऱ्या, म्हणजे पोपच्या बाजूच्या लोकांनी ल्यूथरच्या नावातून ६६६ काढला. अमेरिकेत विल्यम मिलरच्या मागे गेलेले हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभूच्या येण्याची रात्रभर वाट बघत बसले. ही माणसं वाईट नव्हती, ताई. प्रभूवर प्रेम करणारीच होती. म्हणून मला त्या व्हिडिओवाल्यांचा राग येतो, कारण फुटतात ती अशीच माणसं.

आधारबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. १४:९ वाचा, तिथे "नमन" आणि "खूण" एका श्वासात आहेत. जो श्वापदाला नमन करतो आणि खूण घेतो. नकळत, फसून, सरकारी फॉर्म भरताना बोट टेकलं म्हणून कोणी प्रभूचं नाव सोडलं असं होत नाही. ती खूण म्हणजे भक्ती कोणाची याचं उत्तर आहे, आणि आईंचं उत्तर पहाटेच देऊन झालेलं असतं, रोज.

ग्रीक_वाचक

मारानाथा दादा, तिसऱ्यांदा दिसण्याबद्दल मी नाही म्हणत नाही. जुलमी सत्ता जिथे देवाची जागा मागते तिथे ते श्वापद ओळखता आलं पाहिजे, नाहीतर पुस्तक वाचून उपयोग काय. मी एवढंच म्हणतो की पहिलं ओळखल्याशिवाय पुढचं ओळखता येत नाही.

हिब्रूबद्दल दोन गोष्टी. योहान हिब्रू नावं मुद्दाम वापरतो, ९:११ मध्ये अबद्दोन, १६:१६ मध्ये हर्मगिदोन, आणि दोन्ही ठिकाणी हिब्रूत असं म्हणतात हे सांगतो. आणि काही जुन्या हस्तलिखितांमध्ये ६६६ च्या जागी ६१६ आहे, इजिप्तच्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या एका पपायरसच्या तुकड्यातही तसंच. इरेनियसलाही हे माहीत होतं, त्याने ती नक्कल करणाऱ्यांची चूक ठरवली. पण निरोन मधला शेवटचा न काढून लॅटिनसारखं निरो लिहिलं की बरोबर ५० कमी होतात. दोन्ही आकडे एकाच माणसाकडे जातात, म्हणून मला तो हिशेब सोडवत नाही.

आणखी एक, ख्रिस्तविरोधी हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही. तो योहानाच्या पत्रांत आहे, आणि तिथेही पुष्कळ ख्रिस्तविरोधी आत्ताच आलेत असं अनेकवचनात. आपण दोन पुस्तकं आणि चार व्हिडिओ एकत्र कालवतो आणि मग त्यातून एक राक्षस तयार होतो.

वसईकर

मी कॅथलिक, त्यामुळे या चर्चेत जरा बाजूने शिरतेय. आमच्याकडे प्रकटीकरणाशी भेट होते ती १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला. सकाळी मिस्साला पहिलं वाचनच १२ व्या अध्यायातलं, सूर्य पांघरलेली स्त्री, पायाखाली चंद्र, डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट. लहानपणी मला वाटायचं हे आमच्या देवळातल्या मूर्तीचंच वर्णन चाललंय. पणजीच्या त्या पायऱ्यांच्या चर्चचं नाव जिच्यावरून पडलंय त्या निष्कलंक मातेची चित्रं आणि मूर्ती बघा कुठेही, पायाखाली चंद्रकोर असतेच, ती या ओळीतून आलीय.

पण मोठी झाल्यावर तोच अध्याय शांतपणे वाचला तर लक्षात आलं की ती स्त्री एकाच वेळी बरीच काही आहे. सूर्य चंद्र तारे म्हणजे उत्पत्ति ३७ मधलं योसेफाचं स्वप्न, बारा म्हणजे इस्राएलाचे वंश. ती प्रसूतिवेदनांनी ओरडतेय, म्हणजे मशीहाची वाट बघणारी सगळी प्रजा. मग ती रानात पळून जाते आणि अजगर तिच्या बाकीच्या संतानाशी लढायला जातो, ती बाकीची संतानं म्हणजे येशूची साक्ष देणारे, म्हणजे आपण. मंडळीही तीच. आणि त्या मुलाची आई म्हटल्यावर मरिया माझ्या नजरेपुढून हलतच नाही, हलवायचीही नाही. आमच्या फादरनी एकदा सांगितलेलं मला फार आवडलं, चिन्हाला एकच अर्थ असता तर शब्दच वापरला असता, चिन्ह कशाला.

ताई, तुम्हाला माझं एकच सांगणं. आईंसोबत १३ वा अध्याय वाचाल तेव्हा १८ व्या ओवीला थांबू नका. अध्यायांचे आकडे नंतरच्या लोकांनी घातलेत, योहानाने नाही. १३:१८ ला ६६६, आणि लगेच पुढच्या श्वासात १४:१ ला सियोन डोंगरावर कोकरा उभा आणि त्याच्यासोबतच्यांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं. त्याच्याही आधी ७ व्या अध्यायात देवाच्या दासांच्या कपाळावर शिक्का मारून झालाय. आपला शिक्का आधी आहे! बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर काढलेला क्रूस हाच आहे असं मी माझ्या मुलांना सांगते.

नगरची_लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, शनिवारी प्रिंट काढून नगरला घेऊन गेले. काय झालं ते सांगते.

बेरजेचा कागद आईने आधी घेतला. चष्मा लावून वहीच्या मागच्या पानावर ३०६ आणि ३६० असं मांडलं, रेघ ओढली, खाली ६६६ लिहिलं, मग काही बोलली नाही. मला म्हणाली दानीएल काढ. दानीएल ७ आणि प्रकटीकरण १३ आम्ही दोघींनी आळीपाळीने मोठ्याने वाचलं. प्लिनीच्या पत्राचा भाग वाचला तेव्हा तिने विचारलं, म्हणजे त्या बायकांना माहीत असायचं आपण काय नाकारतोय ते? मी म्हटलं हो, समोर मूर्ती ठेवून विचारायचे. ती बराच वेळ गप्प बसली. मग १४:१ वाचलं आणि तिने ते परत वाचायला लावलं. म्हणाली, हे मी शंभरदा वाचलंय पण अध्याय संपला की बायबल मिटून प्रार्थनेला बसायचे, त्यामुळे हे दोन कधी एकत्र आलेच नाहीत.

अंगठा द्यायला ती अजून तयार नाही, मी जोर केला नाही. सोमवारी रिक्षाने बँकेत गेलो, कागदावर सही करून दाखला दिला. "अंगठा?" तसंच आहे, खोडलं नाहीये, पण त्याच्या खाली तिने "१४:१" लिहिलंय.

आता तिचा पुढचा प्रश्न आलाय आणि मला उत्तर येत नाही. आम्ही ५ वा अध्याय वाचतोय. कोकऱ्याला सात शिंगं ठीक, पण सात डोळे का? ती म्हणते असलं कोकरू डोळ्यापुढे आणलं तर भीती वाटते.

ग्रीक_वाचक

ताई, ते चित्र कागदावर काढून बघायचं नाही, ऐकायचं. ५:५ मध्ये सिंहासनाभोवतीच्या वडीलजनांपैकी एक योहानाला सांगतो यहूदाच्या वंशाचा सिंह बघ, तो विजयी झालाय, आणि योहान वळून बघतो तर वधलेला कोकरा. सिंह ऐकला आणि कोकरा दिसला. ७ व्या अध्यायातही तसंच, १ लाख ४४ हजार हा आकडा ऐकू येतो आणि दिसतो तो कोणालाही मोजता न येणारा लोकसमुदाय. कानाने ऐकलेलं आणि डोळ्याने दिसलेलं मिळून एक अर्थ होतो.

शिंग म्हणजे सामर्थ्य, सात म्हणजे पूर्ण. डोळ्यांचा अर्थ त्याच ओवीत आहे, सर्व पृथ्वीवर पाठवलेले देवाचे आत्मे, आणि तो आलाय जखऱ्या ४:१० वरून, तिथे परमेश्वराचे सात नेत्र सगळ्या पृथ्वीवर फिरतात असं आहे. आईंना सांगा, नगरच्या त्यांच्या घरात रात्री दिवा लावून त्या एकट्या वाचत बसतात ना, ते बघणारे डोळे आहेत ते. आणि जखऱ्याचा ४ था अध्याय पूर्ण वाचा दोघी, समई आहे त्यात, आणि दोन जैतुनाची झाडं, ११ व्या अध्यायातल्या दोन साक्षीदारांपर्यंत पोचाल तेव्हा लागतील.